पातालपानी: ऑगस्टमध्ये कोण कोण येणार?

सर्वांना नमस्कार,
ऑगस्टमध्ये माहेरी इंदूरला येतेय. मुलांना घेऊन एक दिवस जवळच्या पातालपानीच्या धबधब्यावर जायचंय. वाट दाखवणारं कुणी मिळेल का? सिंगापुरात बुकित तिमाहच्या रेनफॉरेस्टमध्ये ती नेहमी हिंडतात, त्यामुळे चालण्याची कुरकुर नाही. धबधब्याखालच्या डोहात डुंबता आलं तर बहारच!
— रामबागेची लेक

अगं ये की, दहा-बारा जण सहज जमतील. महिनाही बरोबर निवडलास. तुमचं जंगल बारमाही हिरवं, आपलं सागाचं. उन्हाळ्यात बोडकं आणि धारही नावापुरती.
डोहाचं मात्र डोक्यातून काढ. पातालपानीला लख्ख ऊन असतं आणि वर पठारावर धो धो कोसळून गेलेलं असतं. काळा कातळ पाणी मुरू देत नाही, लोंढा एकदम येतो. जुलै २०११ मध्ये सहलीला आलेली माणसं लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. पाणी गढुळलं, काडीकचरा वाहत आला, की पळायलाही वेळ नसतो. आपण वरूनच बघू, कठड्याच्या आत राहून.
वाटाड्या गावातलाच घेऊ. मंडळाच्या ओळखीचा एक जण आहे, तो ‘आज नको’ म्हणाला तर परत फिरायचं; पैसे तरीही पूर्ण द्यायचे.
— सचिव

काका, मग रुळांच्या कडेनं पुढच्या कालाकुंड स्टेशनपर्यंत जाऊ ना! बोगदे, पूल, फुल मजा. सगळे जातात.
— सुदामानगर

सगळे जातात तिथे आपण जायचं नाही. रुळांवरून चालणं गुन्हा आहे, आणि मुलांना घेऊन बोगद्यात तर मी मुळीच शिरणार नाही. बोगदेच बघायचेत तर २०१८ मध्ये सुरू झालेली मीटरगेजची हेरिटेज गाडी आहे. चालू आहे का, तेवढं स्टेशनवर विचारून ये. कालाकुंडला पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो, तो माझ्याकडून.
रविवार आणि १५ ऑगस्ट नको, तोबा गर्दी असते.
— सचिव

डोह रद्द! मंगळवार चालेल? शेवाळावर टिकतील असे बूट मुलांना घेतेय. आईचे गुडघे दुखतात, ती फक्त गाडीनं येईल.
— रामबागेची लेक

मंगळवार पक्का. वहिनींना खिडकी. शेव-परमल मी आणतो, पाणी ज्याचं त्यानं.
— सचिव