वाड्यावर सोलर नको म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

कौलारू_कसबा:
"हेरिटेज यादीतल्या वाड्यांवर सोलरला परवानगीच देऊ नका, पेठांचं रूप जातं" ही कालची पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. आमचा वाडा त्या यादीत ग्रेड तीनमध्ये आहे. पावसाळ्यात अर्ध्या छपरावर निळी ताडपत्री असते, शेजारी कौलं उतरवून पत्रे टाकले, तेव्हा कुणाला रूप आठवलं नाही. अहो चौसोपी वाड्यात चौकाच्या चारी बाजूंना सोपे, त्यातल्या उत्तरेच्या सोप्याचा आतला उतार चौकाकडे, म्हणजे दक्षिणेला असतो, ऊन तिथंच आणि रस्त्यावरून काही दिसतही नाही! तीन किलोवॅटला सहा पॅनल, केंद्राची ७८,००० सबसिडी. महापालिकेच्या हेरिटेज समितीला नकाशे, फोटो देऊन आठ महिने झाले, दर वेळी नवीन कागद मागतात.

सागवान:
पोस्ट माझीच. रूप सोडा, तुळयांचं काय? एक पॅनल पंचवीस-तीस किलोचं, वर सांगाडा, आणि वारा खालून उचलतो ते वेगळंच. माझ्या आजोळी डिश अँटेनाचा बोल्ट कौलातून मारला, चार पावसाळ्यांत वासा कुजला, पुढे तो सोपाच उतरवावा लागला. आजी त्या दिवशी जेवली नाही.

पेठेतली:
बोल्ट कशाला? हुक वाशाला बसतो आणि दोन कौलांच्या मधून बाहेर येतो, भोक पडत नाही. पण कसबा, शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत असाल तर नुसती महापालिकेची समिती नाही, स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीमुळे पुरातत्त्व खात्याचंही बघावं लागेल. आणि शेजारच्या सात मजली बिल्डिंगची सावली किती वाजता येते ते आधी बघा.

जुना_भाडेकरू:
वीज कुणाच्या मीटरला जाणार ते बोला ना. आम्ही ४० वर्षं त्याच छपराखाली राहतोय, गळतं आमच्या डोक्यावर, आणि सबसिडी मालकाला. आमचे मालक तर मुद्दाम कौलं शाकारत नाहीत, वाडा पडला की बिल्डर तयारच.

कौलारू_कसबा:
मुद्दाम?? ६० रुपये भाडं येतं, कायद्यानं वाढ वर्षाला ४ टक्के, त्यात सुतार एक दिवस तरी येईल का? गेल्या वर्षी बायकोची एफडी मोडून आढं बदललं मी. दुसऱ्यांच्या मालकांचा राग माझ्यावर काढू नका.

जुना_भाडेकरू:
तुम्ही केलं असेल. आमच्याकडे दुरुस्तीला अर्धे पैसे द्यायला तयार होतो आम्ही सगळे, पावती मागितली तर भाडंच घेणं बंद केलं. कोर्टात भरतोय आता.

सागवान:
विषय सोलरचा होता. असो. कसबा, आतल्या उताराचं तुमचं पटलं, तेवढंच. चौकाकडे असेल, हुक वाशाला असेल आणि जुनं लाकूड जाणणाऱ्या इंजिनिअरनं तुळया तपासल्या असतील तर माझा विरोध नाही. रस्त्याकडच्या उताराला मात्र शेवटपर्यंत विरोध करणार.

कौलारू_कसबा:
रस्त्याकडे मी मागितलंच नव्हतं. तुळयांचा रिपोर्ट फाइलमध्ये नाही हे खरं, तो काढतो. अकरापर्यंत सावली असते, तेही मोजलंय.