संगीत वाजतंय ना? मग कपॅसिटर नंतर

जुन्या डॉस पीसीतल्या साउंड ब्लास्टर कार्डावर गेमचं संगीत नीट येतं पण गोळीबार-संवाद ऐकू येत नाहीत, या प्रश्नावर कार्डाचे कपॅसिटर बदलायचा सल्ला कुणीतरी दिलाय, तो पटला नाही. एफएम संगीत (कार्डावरची चिप स्वतः तयार करते ते) आणि डिजिटल आवाज (गोळीबार-संवादांचं रेकॉर्डिंग) शेवटी एकाच मिक्सरमधून, एकाच अँप्लिफायरमधून बाहेर पडतात. एक स्वच्छ येतोय म्हणजे तो भाग शाबूत आहे. एफएम चिप ३८८ पोर्टवर नुसतं लिहून वाजते, तिला आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन) लागत नाही की डीएमए (प्रोसेसरला वगळून मेमरीतून डेटा आणायचा मार्ग). डिजिटल आवाजाला दोन्ही लागतात. आधी मिक्सरमध्ये 'व्हॉइस' शून्यावर नाही ना, तेवढं बघा (हे हमखास राहून जातं).

मग लक्षणं ऐका. आवाजाचा छोटा तुकडा एकदाच वाजून गप्प होत असेल, किंवा तोच तुकडा रेकॉर्ड अडकल्यासारखा फिरत असेल, तर आयआरक्यू चुकलाय. काहीच वाजत नसेल तर डीएमएचा संशय घ्या. डॉस सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅट फाइलमधली 'सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ टी६' ही ओळ गेमला फक्त कार्डाची सेटिंग सांगते (ए म्हणजे पोर्टचा पत्ता, आय आयआरक्यू, डी आणि एच डीएमए, टी कार्डाचा प्रकार), कार्डाची सेटिंग बदलत नाही. कार्डावर जंपर (सेटिंगच्या छोट्या पिना-टोप्या) असतील तर ते या आकड्यांशी जुळवा. प्लग अँड प्ले (जंपरऐवजी सॉफ्टवेअरने सेट होणारं) कार्ड असेल तर डॉसमध्ये सीटीसीएम (क्रिएटिव्हचा ते सेट करणारा प्रोग्राम) चालवल्याशिवाय ते बऱ्याचदा जागंच होत नाही.

आयआरक्यू ७ घेऊ नका, तो एलपीटी१ चा, म्हणजे प्रिंटर पोर्टचा. हा पोर्ट ईसीपी मोडवर (डीएमए वापरणारा वेगवान मोड) असेल तर तो डीएमए ३, काही बोर्डांवर १ सुद्धा अडवतो. बायॉसमध्ये एसपीपी (साधा मोड) करा. पीसीआय बोर्ड असेल तर तिथेच आयआरक्यू ५ 'लेगसी आयएसए'साठी (म्हणजे जुन्या स्लॉटातल्या अशा कार्डांसाठी) राखून ठेवा, नाहीतर लॅन कार्ड तो पळवतं.