ई-३० की ई-४६? जुनी बीएमडब्ल्यू घ्यायचीय, कुठली सांभाळायला बरी?

प्रश्न:
दोन गाड्या बघून ठेवल्यात, १९८८ ची ई-३० ३२५आय आणि २००२ ची ई-४६ ३३०आय (ई-३०, ई-४६ म्हणजे बीएमडब्ल्यू ३ सिरीजच्या जुन्या पिढ्यांची नावं), दोन्ही सरळ सहा सिलिंडर, दोन्ही मॅन्युअल. चालवून बघितल्या आणि तिथेच घोळ झाला. ३३०आय चा पिकअप जबरदस्त, त्यापुढे ३२५आय हळू वाटली, पण घरी आल्यावर डोक्यात तीच घोळतेय. ऑइल, ब्रेक पॅड वगैरे मी स्वतः करतो, त्यापुढचं नाही. आठवड्यातून दोनदा चालवणार. काय करू?

सहासिलिंडर:
हळू वाटणारच मित्रा, ३२५आय म्हणजे अडीच लिटर आणि १७० च्या आसपास हॉर्सपॉवर, ३३०आय तीन लिटर आणि २३१. पण ई-३० वजनाला कितीतरी हलकी आहे म्हणून ती आकड्यांपेक्षा चपळ वाटते. स्टिअरिंग मात्र खूप फिरवावं लागतं, म्हणूनच लोक त्यात ई-४६ चा स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग) बसवतात. आणि एक सांगतो, ओल्या रस्त्यावर वळणात एकदम ॲक्सिलरेटर सोडलास तर ई-३० ची मागची बाजू बाहेर येते, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा) नाही, सावरायचं तुलाच. ई-४६ चं मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक, म्हणजे प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरलेलं आहे, ती खूप माफ करते.

पानावाला:
पिकअपचं सोडा, सांभाळायचं बोलू. ३३०आय ला टायमिंग चेन आहे, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) हायड्रॉलिक, आपली फट आपणच सांभाळतात, म्हणजे तिथे काही बघायला नको. तिचं दुखणं कूलिंग. कूलंटचा एक्स्पान्शन टँक प्लॅस्टिकचा, वय झालं की तडकतो, होजचे जोडपण तसेच. आणि लोकांना माहीत नसतं, तिचा टेंपरेचरचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलाय, कूलंटचं तापमान बरंच वरखाली झालं तरी तो मधोमधच दिसतो. काटा हलला म्हणजे उशीर झालाय, लगेच बाजूला घेऊन बंद करायची, इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत, जास्त तापले की वाकतात. म्हणून टँक, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज फुटायची वाट न बघता सगळं एकदम बदलून टाका, मग बरीच वर्षं निवांत. ३२५आय ला चेनऐवजी टायमिंग बेल्ट आहे. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, त्यामुळे कधी बदलला याचा कागद नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. टॅपेटची फटपण हाताने सेट करावी लागते, इंजिन थंड असताना ०.२५ मिमी, पण फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) धरता येत असेल तर ते तुम्हाला जमेल, एका दुपारचं काम.

जुनापत्रा:
दोघांचं बरोबर आहे पण इंजिनात अडकू नका भाऊ, इंजिनाचा पार्ट मिळतो, सडलेल्या पत्र्याचं काय करणार? ई-३० ला जॅक लावायच्या जागा, बॅटरीचा ट्रे आणि सनरूफच्या कडा बघा. ई-४६ खालून बघा, मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) बॉडीला जिथे बोल्ट होते तिथला फ्लोअर चिरतो, डिकीतलं कार्पेट उचलूनपण बघायचं. चीर लहान असेल तर वेल्डिंग करून प्लेटा मारता येतात पण सबफ्रेम उतरवावी लागते, ते घरचं काम नाही.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद सगळ्यांना. काट्याचं मला अजिबात माहीत नव्हतं, मी तर तो मधे बघून खूश झालो होतो. रविवारी टॉर्च घेऊन दोन्हींच्या खाली शिरतो. ई-३० चा पत्रा चांगला निघाला तर तीच घेणार, आणि आधी बेल्ट बदलून मगच चालवणार.