फूल, पण फुलाला
शुद्धलेखन सुधारायला एकांनी सुचवलंय की सातवीच्या मुलांना रोज वीस शब्दांचं श्रुतलेखन द्या, चुकलेला शब्द दहादा लिहून घ्या. मी बरीच वर्षं तेच करायचे, पण पोरं तो शब्द तेवढ्यापुरता पाठ करतात आणि निबंधात परत 'फुल' नि 'फूलाला', म्हणजे बरोब्बर उलटं! आता मी फळ्यावर नुसत्या जोड्या लिहिते, फूल-फुलाला, मूल-मुलाला, बहीण-बहिणीला, वकील-वकिलाला, आणि गप्प बसते. पाचेक मिनिटांत कुणीतरी ओरडतंच, बाई, दीर्घ होतं ते ऱ्हस्व झालं! स्वतः शोधलेलं असतं म्हणून डोक्यात राहतं. मग दुसऱ्या दिवशी जीव-जीवाला द्यायचं, तिथे ते अडतात, आणि तत्सम शब्द म्हणजे काय (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, त्यांच्यात दीर्घ ते दीर्घच राहतं) ते तेव्हा सांगायचं, आधी सांगून पोचतच नाही हो. 1962 च्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांमध्ये हे सगळं आहेच, पण नियम नंबरासकट पाठ करून लिहिता येत नाही. आणि प्लीज वहीतल्या सगळ्याच चुका लाल करू नका, एका निबंधात एकाच प्रकारची चूक बघा. माझ्या वर्गातल्या एका मुलीने लाल झालेली वही बघून तीन ओळींच्या वर लिहायचंच सोडलं होतं.