मदत हवी आहे: पिंक फ्लॉइडचं ‘व्हेरा’ थांबवायचं कुठे?

मंडळी, आमचा चौघांचा हौशी बँड आहे. पुढच्या महिन्यात सोसायटीच्या गच्चीवर पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं ‘व्हेरा’ घ्यायचं ठरलंय. १९७९ च्या ‘द वॉल’ अल्बममधलं हे गाणं जेमतेम दीड मिनिटाचं. अडचण अशी, की ते नीट संपतच नाही. थेट पुढच्या ‘ब्रिंग द बॉइज बॅक होम’ या गाण्यात शिरतं. तिथे ऑर्केस्ट्रा लागतो, कोरस लागतो. आमच्याकडे दोन गिटार, एक कॅजॉन (बसून वाजवायचा खोका-ड्रम) आणि शेजारच्या काकूंची पेटी! काल तालमीत गाणं संपलं तरी कॅजॉनवाला विचारतोय, “सुरू कधी करायचं?”

शिवाय गाण्यात जिला हाक मारलीय ती व्हेरा लिन कोण, हे आधी सांगायला नको का? ही ब्रिटिश गायिका; १९३९ मध्ये ‘वुईल मीट अगेन’ (आपण पुन्हा भेटू) गायलेली, दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली ब्रह्मदेशात सैनिकांपुढे जाऊन गायलेली. त्याच वर्षी, हे गाणं लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सचे वडील इटलीत आन्झिओला लढाईत मारले गेले. पुन्हा भेटू म्हणणाऱ्या बाईला तो एवढा कळवळून हाक का मारतो, ते त्याशिवाय कळत नाही. पण एवढं माइकवर बोलेपर्यंत गाण्याइतकाच वेळ जातो.

कुणी वाजवलंय का हे? शेवटी पेटीवर एकच सूर धरून हळूहळू विरवला तर चालेल, की फारच भजनी वाटेल?