वर्गखोल्या वाटा, प्रयोगशाळा नको

जळगावात कॉलेजाचे सगळे विभाग एका इमारतीत आणले की जागा वाचेल आणि विभागांमधला संवादही वाढेल, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. वर्गखोल्या खुशाल सामाईक ठेवा, वेळापत्रक नीट लावलं की भागतं. प्रयोगशाळांचं तसं नसतं.

धुळ्याकडच्या एका कॉलेजात मी काही वर्षं काढली. तळमजल्यावर रसायनशास्त्र, वर मराठी. किपच्या उपकरणातून (वायू तयार करायचं काचेचं भांडं) हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला की सडक्या अंड्यांचा वास थेट ज्ञानेश्वरीच्या तासाला! मार्च महिना, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि खिडक्या बंद. बोलणार कुणाला? घातक वायू बाहेर ओढून नेणारी धुराड्याची कपाटं होती, पण त्यांचा पाइप छतापर्यंत न्यायला जागाच सोडलेली नव्हती. म्हणून रसायन सगळ्यात वरच्या मजल्यावर हवं. सूक्ष्मदर्शक आणि ०.१ मिलिग्रॅम मोजणारे तराजू मात्र खालीच, कारण वरचे मजले जास्त हादरतात. त्या तराजूपाशी पंखाही बंद ठेवावा लागतो, तेव्हा जळगावच्या उन्हाळ्याचा हिशोब आधीच धरा.

आणखी एक, पाइप-वायरींचे उभे मार्ग सुरुवातीलाच मोठे ठेवा. नंतर स्लॅब फोडत बसावं लागतं. विभागांमधल्या संवादासाठी जिन्याजवळ चहाची टपरी पुरते, आमचे भूगोलवाले तिथेच भेटायचे.