कोजागिरीची गच्ची आणि एका घराची गाणी

ए-१०१ (सचिव): नमस्कार मंडळी. कोजागिरीला दरवर्षीप्रमाणे सोसायटीच्या गच्चीवर दूध. २५ लिटर सांगितलं आहे. सात ते आठ या वेळात मुलींची भुलाबाईची गाणी, त्यानंतर आपला गाण्यांचा कार्यक्रम. यादी आजच ठरवा, साउंडवाल्याला उद्या कळवायचं आहे.

बी-३०३: कराओके ठेवा न. हिंदी जुनी-नवी मिक्स. सगळ्यांना गाता येते.

बी-४०२: मागच्या वर्षी तेच केलं होतं बाप्पा. ट्रॅक अर्ध्यात बंद पडला अन् पोरं फोन घेऊन कोपऱ्यात बसले.

डी-१०२: मंगेशकर घराण्यावर ठेवू या का? लताबाई, आशाबाई दोघीही येतात. आईबाबांनाही आवडेल.

बी-३०३: म्हणजे परत हिट गाणी एकामागून एक. त्यासाठी यूट्यूब आहे न ताई.

सी-२०४: डी-१०२, विषय फार चांगला सुचवलास. आणि बी-३०३चं म्हणणंही खरं आहे. नुसती माळ लावली तर त्यात आपलं काही उरणार नाही. पण या घराची गाणी आपल्या इथूनच सुरू करता येतात. थोडं लांबेल, पण सांगते.

सावनेर आपल्या नागपूरपासून तासाभरावर. माझी आत्या तिथे राहायची, लहानपणी एसटीने जायचो. राम गणेश गडकरी त्याच सावनेरात २३ जानेवारी १९१९ला गेले. अखेरच्या आजारपणात त्यांनी 'भावबंधन' नाटक पुरं केलं. ते रंगभूमीवर आणलं बळवंत संगीत मंडळीने, म्हणजे मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या कंपनीने. त्यातली लतिका दीनानाथ स्वतः करायचे. १९२९मध्ये इंदूरला त्यांना मुलगी झाली. तिचं नाव आधी हेमा होतं, पुढे या लतिकेवरून लता झालं. आत्याकडे जाताना हे कोणी मला सांगितलं नाही. माहीत असतं तर त्या गावात मी वेगळ्या नजरेने हिंडले असते.

ही झाली सुरुवात. मधला भाग सुरेश भट आणि ग्रेस. दोघेही आपले कवी. भट जन्मले अमरावतीत १९३२ला, पण राहिले नागपुरात आणि १४ मार्च २००३ला गेलेही नागपुरातच. रेशीमबागेतल्या ज्या सभागृहावरून आपण रोज जातो, ते त्यांच्याच नावाचं. त्यांच्या शब्दांना चाली कोणी लावल्या? हृदयनाथांनी. 'मेंदीच्या पानावर' आणि 'मालवून टाक दीप' लताबाईंनी गायलं. 'चांदण्यात फिरताना' आणि 'तरुण आहे रात्र अजुनी' आशाबाईंनी. शब्द नागपूरचे, चाल भावाची, गळा बहिणींचा. याहून आपला कार्यक्रम कोणता?

डी-१०२: बाई, सावनेरचं तर मला माहीतच नव्हतं!

ए-२०१: हृदयनाथांचं नाव कोणी घेत नाही, ही माझीही जुनी तक्रार आहे. सगळे म्हणतात लताचं गाणं, आशाचं गाणं. उस्ताद अमीर खाँसाहेबांकडे शिकलेला माणूस आहे तो. 'लेकिन'च्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार आहे. माझी एकच अट, प्रत्येक गाण्याआधी कवी आणि संगीतकार सांगायचे. गायक तर ओळखू येतातच.

सी-२०४: काका, ही अट मला शंभर टक्के मान्य.

बी-४०२: ग्रेसचं कोणतं घ्यायचं? 'भय इथले संपत नाही' तर आरती प्रभूंचं आहे न?

सी-२०४: नाही, ते ग्रेसचंच. आरती प्रभूंचं 'ये रे घना', त्याचीही चाल हृदयनाथांची, म्हणून गल्लत होते. 'भय इथले' दूरदर्शनवरच्या 'महाश्वेता' मालिकेमुळे घरोघरी गेलं. ग्रेस कळत नाहीत असं लोक म्हणतात. मलाही सगळे कळतात असं मी म्हणणार नाही. पण ते गाणं लागलं की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्या गप्प व्हायच्या, गणिताच्या बाईसुद्धा. अर्थ लागायच्या आधी चाल आत शिरलेली असते. 'ती गेली तेव्हा रिमझिम' तर हृदयनाथ स्वतःच गायले. त्या गाण्यात त्यांनी बहिणींचा गळा घेतला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

बी-३०३: बाई, प्रामाणिकपणे विचारतो. हे सगळं एकाच घरात कसं काय? रक्तातच असते का?

सी-२०४: रक्ताचं मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की २४ एप्रिल १९४२ला दीनानाथ गेले तेव्हा लता बारा वर्षांची होती, आणि तिच्या पाठीवर चार भावंडं. धाकटा हृदयनाथ पाच वर्षांचाही नव्हता. घरात तंबोरा होता, पैसा नव्हता. वारसा म्हणायचा तर तो वडिलांच्या तालमीचा. त्यावर प्रत्येकाने आपली वाट केली.

मीनाताईंची वाट लहान मुलांची. 'सांग सांग भोलानाथ' त्यांची चाल, आणि गायली त्यांच्याच मुलांनी. म्हणजे ती तिसरी पिढी. उषाताई 'पिंजरा'च्या लावण्यांत आहेत आणि तीनच वर्षांनी 'जय संतोषी माँ'च्या आरतीत आहेत. लावणी आणि आरती दोन्ही खरी वाटायला किती तयारी लागत असेल, विचार करा.

ए-२०१: आणि लताबाईंचं आनंदघन विसरू नका. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना त्या नावाने संगीत दिलं. 'साधी माणसं' १९६५चा. त्याच्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन कोण हे सगळ्यांसमोर आलं. 'ऐरणीच्या देवा' ऐका, शब्द जगदीश खेबुडकरांचे. इतकी साधी चाल की घरात काम करता करता म्हणता येते. आमची आई चुलीपाशी म्हणायची.

बी-३०३: थांबा थांबा. ती संतोषी माँची आरती उषाताईंची आहे? आई बाजूलाच बसली आहे. ती म्हणते, तिने तो पिक्चर सीताबर्डीवर पाहिला, तेव्हा बायका थिएटरमध्ये चपला काढून बसत. ती आता मला म्हणून दाखवून राहिली. पूर्ण येते तिला!

डी-१०२: मग काकूच म्हणतील न! कराओके नको, ट्रॅक नको.

बी-३०३: विचारलं. आधी नाही म्हणाली, मग म्हणते टाळ कोण वाजवणार.

बी-४०२: टाळ आमच्याकडे आहेत.

ए-१०१ (सचिव): बाई, मुख्य गाणं कोणतं, तेवढं सांगून टाका. वेळ बसवायची आहे.

सी-२०४: मुख्य गाणं 'केव्हातरी पहाटे'. भटांची गझल, 'निवडुंग' चित्रपटातली, आशाबाईंनी गायलेली. माझी नात म्हणणार आहे, नववीत आहे. गेले आठ दिवस रोज संध्याकाळी आम्ही दोघी पेटी घेऊन बसतो.

पहिल्या दिवशी तिने अख्खं गाणं एका दमात म्हटलं, सुरात, आणि सगळं सारखं. मी भाता मिटला आणि तिला वही घ्यायला लावली. म्हटलं, 'रात्र गेली' ओळीच्या शेवटी पुन्हा पुन्हा येतं, त्याच्या आधीचा शब्द प्रत्येक वेळी खाली लिही. तिने पेन्सिलीने एकाखाली एक लिहिलं, उलटून, हरवून, निसटून. आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, आजी, रात्र एकच आहे पण दर वेळी वेगळी जाते. मी काही बोलले नाही, पुन्हा पट्टी धरली. त्यानंतर 'निसटून'वर तिचा आवाज आपोआप हलका झाला. गझलेत हेच तर आहे. दोन ओळींत एक शेर पुरा होतो, शेवटचे शब्द तेच राहतात, आणि गाणाऱ्याने ते दर वेळी नव्याने म्हणायचे असतात. 'सुन्या सुन्या मैफिलीत' ऐका, 'उंबरठा'तलं. त्यातला 'आहे' लताबाई कशा ठेवतात बघा. सोडून देत नाहीत, अलगद ठेवतात.

म्हणून सांगते, त्या गाण्याला टाळ्यांचा ठेका धरू नका. आणि दूध वाटणं तेवढी सात-आठ मिनिटं थांबवा. पेल्यांचा आवाज गच्चीवर फार होतो.

ए-२०१: मान्य. मी स्वतः जिन्यापाशी उभा राहतो.

बी-३०३: बाई, निवेदन मी करू का? कवी, संगीतकार सगळं लिहून द्या फक्त. सावनेरपासून सुरू करतो.

सी-२०४: आनंदाने कर. उद्या सकाळी ये, कागद तयार ठेवते. ग्रेसचं मूळ नाव माणिक गोडघाटे, तेही सांग. मुलांना वाटतं कोणी परदेशी कवी आहे.

डी-१०२: आणि शेवट कशाने?

सी-२०४: 'शारद सुंदर चंदेरी राती'. शब्द शांताबाई शेळक्यांचे, गायल्या आशाबाई, चाल हेमंत भोसलेंची, म्हणजे त्यांच्या मुलाची. आई मुलाची चाल गाते, आणि कोजागिरीची रात्र. त्या वेळी दूध वाटायला हरकत नाही, चंद्र वर आलेला असेल. हे सगळ्यांनी मिळून म्हणू, तुझा आवाज वरच्या पट्टीत छान लागतो, तू पुढे उभी राहा.

डी-१०२: बाई, मला फक्त मुखडा येतो!

सी-२०४: शनिवारपासून साडेपाचला ये. नातही असते.

ए-१०१ (सचिव): ठरलं. सात वाजता भुलाबाई, त्यात 'सांग सांग भोलानाथ' मुलंच म्हणतील. आठला निवेदन आणि 'ऐरणीच्या देवा', मग भट, ग्रेस, संतोषी माँची आरती, आणि शेवटी 'शारद सुंदर'. साउंडवाल्याकडून दोनच माइक, ट्रॅक नाही.

बी-४०२: तबल्याला माझा भाचा येतो. पट्टी कोणती सांगू?

सी-२०४: काळी दोन. आणि पेटी वर न्यायला दोघं जण पाठवा, एकट्याने उचलू नका. डाव्या बाजूची कडी सैल आहे, तिला धरलं की भाता उघडतो. खालून धरून न्या.